खोक्यांसाठी माळा

आमच्या घरात कुठलीही वस्तू एकटी आली नाही. तिच्याबरोबर तिचं खोकं आलं आणि वस्तूपेक्षा खोक्याचीच बडदास्त जास्त राहिली. टीव्ही, टेपरेकॉर्डर, डिनर सेट, इस्त्री, सगळ्यांची खोकी जपलेली. थर्माकोलसकट, प्लास्टिकच्या पिशव्यांसकट, पिशवीचं तोंड बांधायच्या तारेसकट. कारण आम्ही परत जाणार होतो. परत जाताना सामान मूळ पॅकिंगमध्ये असलं की मोडत नाही आणि कस्टमवालेही फार उचकापाचक करत नाहीत, असं तेव्हा अमेरिकेतल्या प्रत्येक मराठी घरात छातीठोकपणे सांगितलं जायचं. ऐंशीच्या दशकात रेडमंडमध्ये आमच्या ओळखीची मराठी घरं जेमतेम पाच-सहा, पण सगळ्यांची खोकी एकावर एक रचली असती तर चांगला मनोरा झाला असता.

काही खोकी भरलेलीही होती. ती खास तिकडच्यासाठी घेतलेल्या वस्तूंची. त्यांत एक दोनशेवीस व्होल्टचा मिक्सर होता, शिकागोच्या दुकानातून टपालानं मागवलेला. इथला करंट वेगळा, त्यामुळे इथे तो चालणार नव्हता. तीन वर्षं मी त्याचं खोकं मधूनमधून उघडायची, मिक्सरवरून हात फिरवायची आणि पुन्हा चिकटपट्टी लावून ठेवायची. पुण्याच्या घरातला ओटा, त्यावर हा मिक्सर, खिडकीत कढीलिंबाची कुंडी. सगळं मनात मांडून झालं होतं.

लग्न करून आणताना नवऱ्यानं कबूल केलं होतं, पाच वर्षं. हे आठवं वर्ष चाललं होतं. घरून पत्र आलं, की मी विचारायची, "कधी?" दिवाळीला विचारायची, कुणी परत गेल्याचं कळलं की विचारायची, गाडीचा टायर बदलताना त्याचे दोन्ही हात अडकलेले असले तरी विचारायची. तो म्हणायचा, "बघू." तो मूळचा चिपळूणचा. पोटात ठेवील, पण ओठावर येऊ द्यायचा नाही. आणि मी अशी, की मनात आलेलं पाच मिनिटं तिथे ठेवलं तर मला ताप येतो. बसल्या जागी मला चैन पडत नसे. वेळ घालवायला म्हणून मुलीच्या शाळेच्या लायब्ररीत आठवड्यातल्या दोन सकाळी पुस्तकं लावायला जायची, तिथेसुद्धा मनात हेच घोळत असायचं. आपण इथले नाही, आपण निघालेलो आहोत.

घराला तीन खोल्या, त्यातली मागची खोक्यांनी भरलेली. मुलगी सहा वर्षांची झाली तरी आमच्याच खोलीत गादी टाकून झोपायची. एका शनिवारी चहा पिता पिता नवरा म्हणाला, "अ‍ॅटिकमध्ये फळ्या ठोकून घेतो. खोकी सगळी वर टाकू. पोरीला खोली होईल."

माझ्या डोक्यात तिडीकच गेली. "फळ्या ठोकणारा माणूस परत जातो होय?"

"तुझी खोकी ठेवायला तर करतोय."

"माझी? खोकी माझी एकटीची कधीपासून झाली?"

उठून त्यानं कप विसळला आणि मापाची टेप घेऊन शिडीवर चढला. मी खाली उभी राहून वर बघत बडबडत राहिले. मला त्या क्षणी स्वच्छ दिसलं होतं की हा माणूस आता इथे मुळं धरतोय, आणि मला सांगायची हिंमत नाही म्हणून हातोडीनं सांगतोय.

इथलं अ‍ॅटिक म्हणजे आपल्याकडचा माळा नव्हे. त्याला जमीनच नसते. खालच्या खोल्यांचं छत ज्यांना टांगलेलं असतं त्या तुळया, आणि तुळयांच्या मधल्या खणांत घराची ऊब धरून ठेवायला घातलेलं गुलाबी, पिंजलेल्या कापसासारखं इन्सुलेशन. चुकून पाय तुळईवरून सरकला तर तो थेट खालच्या खोलीच्या छतातून बाहेर. ऑक्टोबरचे तीन शनिवार-रविवार नवरा तिथे रांगत होता. फळीचा मोठा तक्ता वरच्या भोकातून जाईना, म्हणून अंगणात कापून दोन-दोन फुटांच्या पट्ट्या केल्या. त्या मी खालून द्यायची, तो वरून घ्यायचा. इन्सुलेशनच्या कुसळांनी त्याच्या मानेला खाज सुटायची आणि माझ्या बोलण्यानं बहुधा बाकीच्या अंगाला.

आम्ही त्या माळ्यावर जी अक्कल पाजळली, ती क्रमानं सांगायला हवी. इन्सुलेशन तुळयांच्या वर वीतभर फुगून आलेलं होतं. नवऱ्यानं ते गुडघ्यानं दाबलं आणि वर फळ्या ठोकल्या, बॅग बंद होत नसली की आपण तिच्यावर बसतो तसं. त्याच्याही आधी सगळीकडे प्लास्टिकचा कागद अंथरला, कुसळं खोक्यांत जाऊ नयेत म्हणून. मग त्याचं लक्ष वळचणीकडे गेलं. छप्पर जिथे भिंतीला टेकतं तिथे लांबच्या लांब फटी होत्या, त्यांतून उजेड दिसत होता आणि गार वारा येत होता. चिपळूणच्या माणसाला फट दिसली की हात शिवशिवतात. झड येते, उंदीर येतात, विंचू येतात. त्यानं उरलेलं इन्सुलेशन आणि माझ्या दोन जुन्या चादरी कोंबून सगळ्या फटी गच्च बुजवल्या आणि खाली येऊन म्हणाला, "बांधणाऱ्यांनी किती गाफीलपणा केला होता बघ."

चौथी अक्कल माझी. स्वयंपाकघरातल्या पंख्याचा पाइप बाजूच्या भिंतीतून बाहेर निघायचा, बरोबर शेजारच्या म्हाताऱ्या बाईंच्या खिडकीसमोर. बाई भल्या होत्या. एकदाच त्यांनी कुंपणावरून विचारलं होतं, "आज काय शिजवताय?" बस, एवढंच. पण त्या दिवसापासून फोडणीत हिंग टाकताना माझा हात चोरट्यासारखा व्हायला लागला होता. मी नवऱ्याला म्हटलं, "वर आहातच तर तो पाइप तिकडे माळ्यावरच सोडा ना. तिथे काय कुणाचं नाक आहे?" त्यानं सोडला. भिंतीतलं भोक बंद केलं.

खोकी वर गेली. मुलगी नव्या खोलीत नाचली. मी त्या खोलीला निळे पडदे शिवले आणि शिवताना स्वतःवरच चिडले, की हे दोन-चार महिन्यांसाठी कशाला?

नोव्हेंबरभर इथला तो बारीक, न थांबणारा पाऊस पडत राहिला. डिसेंबर लागला आणि एका सकाळी मुलगी आमच्या दारात येऊन उभी राहिली. "आई, देअर्स अ मॅप ऑन माय सीलिंग." छतावर भिंतीलगत तपकिरी डाग उठला होता, कडेला ओला.

नवरा म्हणाला, छप्पर गळतंय. त्यात शंकेला जागाच नव्हती. आम्हा दोघांच्याही माहितीतलं घरातलं पाणी नेहमी बाहेरूनच आलेलं. चिपळूणला कौलं गळायची, पुण्यात आमच्या वाड्याच्या गच्चीला चिरा पडायच्या. वर ओल दिसली की आभाळाकडे बघायचं, हे रक्तातच. तो दोन दिवस पावसात छपरावर चढून डांबर फासत होता. शिवाय माळ्यावर जाऊन खोक्यांवर आणखी एक प्लास्टिक घालून आला, कडा खोचून.

डाग वाढला. दुसरा उठला. मी खोलीत बादली ठेवली आणि घरभर येरझाऱ्या घालायला लागले. स्वयंपाक करता करता गॅस बारीक करून बघून यायची. त्याला ऑफिसात फोन करायची. "पडतंय." "किती?" "मगाशी एक थेंब पडला, आता दुसऱ्याची वाट बघतेय." तो फोन ठेवायचा. त्या दिवसांत मला थेंब ऐकू येत नसला की जास्त त्रास व्हायचा.

मग पाऊस थांबला. आभाळ निळंशार झालं आणि कडाक्याची थंडी पडली. चार दिवस बाहेर एक थेंब नाही. आणि घरात? रोज सकाळी दहाच्या सुमाराला, छपरावर ऊन आलं की टपटप सुरू. पावसात नव्हतं इतकं. मी बादलीपाशी उभी राहून खिडकीतून त्या कोरड्या ठणठणीत आभाळाकडे बघत होते आणि मला खरंच भीती वाटली.

त्या रविवारी आम्ही नागपूरच्या काकांना बोलावलं. काका वीस वर्षांपूर्वी अमेरिकेत आलेले, आयुष्यभर शीतगृहांच्या कामात असलेले इंजिनिअर. आम्हा सगळ्यांचेच ते काका. ते टॉर्च घेऊन वर चढले. जरा वेळानं वरून त्यांचा आवाज आला, "अहो वहिनी, आज डाळीला लसूण घातला का?"

"घातला. का?"

"वर येऊन राहिला वास, म्हणून म्हटलं."

खाली आल्यावर त्यांनी हात पुसले आणि खुर्ची ओढून बसले. "छप्पर एकदम फर्स्ट क्लास आहे, बाबू. बाहेरून काही नाही येऊन राहिलं. पाणी तुमच्याच घरातलं आहे."

"आमच्या घरातलं?"

"आणखी कुणाचं? तुमचा कुकर, तुमची आंघोळ, बाथरूममध्ये वाळत घातलेले कपडे, तुमचे श्वास. गरम दमट हवा वर जाते यार, छतातल्या बारीक भेगांतून जाते. पाइप तर तुम्ही डायरेक्टच वर सोडला! पहिले ती हवा वळचणीच्या वाऱ्यानं निघून जात होती. तो वाराच तुम्ही बंद केला. आता ती थंड लाकडाला लागते, पाणी होते. थंडीत खिळ्यांच्या टोकांवर बर्फ धरून राहिला आहे, पांढरा. ऊन आलं की वितळतो. आणि खाली प्लास्टिक घातलं, त्यामुळे फळ्यांखालचा कापूस पण भिजला. चटणीसारखा झाला आहे."

नवऱ्याचा चेहरा उतरला. काकांनी मग माझ्याच किराणाच्या यादीच्या पाठीवर चित्र काढून दिलं. दाबलेला कापूस काढा, नवा घाला, त्याला फुगू द्या. तुळयांवर आडवी लाकडं ठोकून उंची वाढवा, म्हणजे फळ्या कापसाच्या वर चार बोटं मोकळ्या राहतील. कापसावर प्लास्टिक घालायचं नाही, कधीच नाही. फळ्या मधल्या भागापुरत्या ठेवा, वळचणीपर्यंत नेऊ नका. फटी सगळ्या उघडा. छतातल्या भेगा खालून बुजवा आणि वर जायच्या झाकणाला कडेनं पट्टी लावा. आणि पाइप छपरातून बाहेर काढा, वहिनी. "लोकांना घेऊ द्या ना वास. मरत नाही कुणी."

आधी खोकी उतरवायची होती. दुसऱ्या दिवशी नवऱ्यानं सुट्टी घेतली. मुलगी शाळेत होती. तो वरून द्यायचा, मी खालून घ्यायची. टीव्हीचं खोकं माझ्या हातात आलं आणि तळ निसटून थर्माकोल पायावर पडला. डिनर सेटच्या खोक्याला काळी बुरशी होती. सगळ्यांवर प्लास्टिक अगदी नीट खोचलेलं आणि प्लास्टिकच्या आतल्या अंगाला थेंबांची जाळी. मिक्सरचं खोकं मी दोन्ही हातांनी पोटाशी धरलं, तर ते ओल्या पावासारखं दबलं. आतल्या मिक्सरच्या पात्यांवर गंज चढला होता.

मी रडेन म्हणून वाट बघत होते. नवराही बघत असावा, कारण तो वरून माझ्याकडेच पाहत होता. आणि मला हलकं वाटलं. अगदी खरं सांगते, छातीवरचं काहीतरी उचललं गेल्यासारखं हलकं. मग लगेच मी इतकी घाबरले की मिक्सर तसाच जमिनीवर ठेवून स्वयंपाकघरात गेले, नळ सोडला, बंद केला आणि परत आले.

नवरा शिडीच्या खालच्या पायरीवर बसला होता. म्हणाला, "तुला एक सांगायचंय." खिशातून त्यानं एअरमेलचं पाकीट काढलं. पुण्याच्या एका कंपनीचं पत्र होतं, सप्टेंबरात आलेलं. नोकरी देत होते. जूनमध्ये रुजू व्हायचं होतं, आणि होकार किंवा नकार डिसेंबरअखेर कळवायचा होता.

"सप्टेंबरात आलं?"

"घराचं नक्की जुळलं की सांगणार होतो. माळ्याला फळ्या असल्या आणि खोल्या मोकळ्या दिसल्या की घर लवकर विकलं जातं म्हणे. म्हणून घाईनं करून घेत होतो." तो खाली बुरशीच्या ढिगाकडे बघत होता. "तुला एकदम सांगायचं होतं. तोंड बंद करायचं होतं तुझं, आठ वर्षांचं." हसला थोडा. "कळवू ना मग? हो म्हणून?"

ऑक्टोबरभर मी त्या शिडीखाली उभी राहून या माणसाला टाकून बोलत होते. फळ्या ठोकणारा माणूस परत जात नाही म्हणून. आणि तो परत जायलाच फळ्या ठोकत होता. माझ्या तोंडून 'हो' निघायला हवं होतं. ते तर आठ वर्षं तोंडातच होतं. मी म्हणाले, "आधी माळा नीट करा."

पुढचे दोन आठवडे त्यानं काकांच्या चित्राबरहुकूम काम केलं. ऑफिसातून आल्यावर, जेवणाआधी, सुट्टीच्या दिवशी सकाळपासून. ओला कापूस पोत्यांत भरून काढला. वळचणीतून माझ्या चादरी ओढून काढल्या, त्या काळ्या झालेल्या. आडवी लाकडं ठोकली. पाइप छपरातून बाहेर गेला आणि त्या दिवशी मी मुद्दाम हिंगाची खमंग फोडणी दिली. तो शीळ घालत काम करायचा. इतकी वर्षं मी त्याची शीळ ऐकली नव्हती. वरून ती शीळ यायची आणि खाली मी या खोलीतून त्या खोलीत फिरायची, कपड्यांच्या घड्या मोडून पुन्हा घालायची. शाळेच्या लायब्ररीत मला नव्या वर्षापासून पूर्ण वेळ बोलावलं होतं. मी 'नंतर सांगते' म्हणाले होते आणि घरी सांगितलंच नव्हतं. मनातलं पाच मिनिटं न ठेवणारी मी. ती गोष्ट मी तीन आठवडे पोटात ठेवली होती.

नाताळानंतरच्या एका दुपारी शेवटचा स्क्रू बसला. नवरा खाली आला, केसांत लाकडाचा भुसा. "झालं. हात लावून बघ हवं तर, एकदम कोरडं. आता सांग, काय लिहू?"

मी म्हणाले, "मला नाही जायचं."

तो आधी हसलाच. गंमत वाटली त्याला. मग त्यानं माझ्याकडे नीट पाहिलं. मी घाईघाईनं बोलायला लागले. लायब्ररीचं सांगितलं, पोरीच्या खोलीचं, माझ्या ड्रायव्हिंगचं, तिकडे गेल्यावर पुन्हा सगळ्या नातेवाइकांच्या मधे राहायचं त्याचं. मला स्वतःलाच ते सगळं पहिल्यांदा ऐकू येत होतं. "मला माहीत नव्हतं हो," मी म्हणाले. "ती खोकी फुटेपर्यंत मला खरंच माहीत नव्हतं."

तो शिडीच्या त्याच पायरीवर बसला. हातातला स्क्रूड्रायव्हर फिरवत राहिला. मला वाटलं तो म्हणेल, मग आठ वर्षं मला का छळलंस. ते मी ऐकून घेतलं असतं, तेवढं माझं देणंच होतं. पण तो म्हणाला, "मला जायचं होतं गं."

एवढंच. उठला, शिडी मिटवली, गॅरेजमध्ये ठेवून आला. नकाराचं पत्र त्यानं त्याच दिवशी लिहिलं आणि मला वाचायला दिलं. दोनच ओळी होत्या, घरगुती अडचणीमुळे वगैरे. मी 'ठीक आहे' म्हणाले.

माळा त्यानंतर कधी ओला झाला नाही. दर वर्षी पहिली कडक थंडी पडली की तो शिडी लावून वर जातो, छपराच्या लाकडावर, खिळ्यांच्या टोकांवर हात फिरवतो आणि खाली येऊन सांगतो, "कोरडं आहे." तिथे आता फारसं काही नाही. खोकी आम्ही सगळी टाकून दिली. फक्त उरलेल्या फळ्यांची त्यानं एक छोटी पेटी केली होती, चांगली रंधा मारून, कोपरे जुळवून. तिच्यात तो दोनशेवीस व्होल्टचा मिक्सर आहे. पाती त्यानं घासून, तेल लावून ठेवली आहेत. ही पेटी वर का ठेवलीय, हे मी त्याला विचारलेलं नाही. आठ वर्षं मी ज्याला रोज 'कधी' विचारत होते, त्याला तो शब्द उच्चारायची मला आता भीती वाटते. तो शिडीवरून उतरतो, मी शिडी धरून उभी असते, आणि मी म्हणते, "चला, चहा ठेवते."